गांजा आणि मेंदू : पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

कॉलेजांतल्या सत्रांनंतर हातात पडणाऱ्या चिठ्ठ्या, पालकांचे फोन, रात्री उशिरा येणारे मेसेज, यांतून जे प्रश्न सतत समोर येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रोज किंवा जवळजवळ रोज ओढणाऱ्यांबद्दलचे असतात, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने लिहिली आहेत. हे पान कुणाला घाबरवायला लिहिलेलं नाही. गांजाबद्दल फुगवून सांगितलेली एक गोष्ट खोटी निघाली, की मुलं बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवेनाशी होतात. म्हणून जिथे पुरावा पक्का आहे तिथे तसं लिहिलं आहे, आणि जिथे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही तिथे तेही सांगितलं आहे.

१. गांजा, चरस, भांग हे सगळं मेंदूसाठी एकच का?

नशा आणणारं रसायन एकच, टीएचसी. फरक पडतो तो मात्रेचा आणि वेगाचा. भांग पानांची, तिच्यात टीएचसी सहसा कमी. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्यावरची राळ, म्हणून तो जास्त कडक. 'हायड्रो' म्हणून जो महागडा माल विकला जातो, तो बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला असतो. त्यात टीएचसी १० टक्क्यांच्या पुढे, बऱ्याचदा २० टक्क्यांच्या आसपास असतं. आजोबांच्या काळचा गांजा आणि हा माल एकाच नावाने ओळखले जात असले, तरी मेंदूला पोचणारा डोस सारखा नसतो.

२. दम मारल्यावर मेंदूत नेमकं होतं काय?

टीएचसी १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळं केलं. ते मेंदूत कुठे जाऊन बसतं हे कळायला मात्र १९८८ साल उजाडलं. तेव्हा सापडलेल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्या रसायन पकडणाऱ्या जागेला, आज सीबी-१ म्हणतात. हा रिसेप्टर झाडासाठी आपल्या डोक्यात बसलेला नाही. आपलं शरीर स्वतःच त्याच्यासाठी रसायनं तयार करतं. त्यातलं पहिलं, आनंदामाइड, १९९२ मध्ये सापडलं.

या रसायनांचं काम फार नाजूक असतं. एरवी मज्जापेशींमधला निरोप एकाच दिशेने जातो, पाठवणाऱ्या पेशीकडून घेणाऱ्या पेशीकडे. आनंदामाइड आणि त्याची भावंडं उलट्या दिशेने जातात. निरोप घेणारी पेशी पाठवणारीला सांगते, 'पुरे, जरा थांब.' हे काही क्षणांपुरतं आणि नेमक्या त्या दोन पेशींच्या सांध्यावर घडतं, आणि लगेच ते रसायन मोडून टाकलं जातं. अलका चौकातला वाहतूक पोलीस गरज पडेल तेव्हा एका बाजूची रांग थोडा वेळ अडवतो, तसं. टीएचसी आलं की शहरातल्या सगळ्या चौकांत एकाच वेळी हात वर होतो आणि तो तासन्‌तास खाली येत नाही.

सीबी-१ जिथे दाट आहेत, तिथे परिणाम ठळक दिसतो. हिप्पोकॅम्पसमध्ये नवी आठवण तयार होते, कपाळामागच्या भागात निर्णय आणि संयम, सेरेबेलममध्ये तोल आणि वेळेचा अंदाज, बेसल गँग्लियामध्ये हालचाली आणि सवयी. श्वास चालू ठेवणाऱ्या ब्रेनस्टेमच्या भागात मात्र हे रिसेप्टर फारच कमी आहेत. म्हणूनच हेरॉइनच्या अतिरेकाने श्वास थांबतो तसा गांजाच्या अतिरेकाने सहसा थांबत नाही. हे खरं आहे आणि लपवण्याचं कारण नाही. पण श्वास थांबत नाही एवढ्यावरून बाकी सगळं ठीक आहे असा अर्थ निघत नाही.

३. 'जास्त ओढणं' म्हणजे किती? मी फक्त रात्री एक ओढतो.

रोज रात्री एक म्हणजे रोजच झालं. संशोधनात साधारणपणे रोजच्या किंवा जवळजवळ रोजच्या वापराला, म्हणजे महिन्यातले २० किंवा जास्त दिवस, भारी वापर धरतात. किती जॉइंट हे मोजून फारसं कळत नाही, कारण कुणाच्या जॉइंटमध्ये किती माल आणि तो किती कडक, याला काही माप नाही. त्यापेक्षा हे स्वतःला विचारा: पूर्वी एकात भागायचं ते आता दोनात भागतं का? उठल्यावर पहिल्या तासात आठवण येते का? आणि मध्ये एक कोरडा आठवडा सहज जातो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर प्रश्न ९ वाचा.

४. पूर्वीसारखी किक बसत नाही. माल खराब येतोय का?

मालही खराब असू शकतो, पण रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत बहुधा मेंदू बदललेला असतो. रिसेप्टरवर सतत मारा झाला की पेशी ते आत ओढून घेतात, आणि पृष्ठभागावर कमी उरतात. हे जिवंत माणसांच्या मेंदूत पेट स्कॅनने पाहिलं गेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यावरणात सीबी-१ सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. जितकी वर्षं जास्त, तितकी घट जास्त.

याचा दुसरा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही. हे रिसेप्टर तुमच्या स्वतःच्या आनंदामाइडसाठी होते. ते कमी झाले की गांजाची किक जशी कमी बसते, तशीच न ओढलेल्या वेळेतली भूक, झोप आणि शांतपणाही कमी होतो. 'ओढल्याशिवाय जेवण जात नाही' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे. ते अनेकदा या घटीचंच लक्षण असतं.

५. बोलता बोलता विसरतो. हे कायमचं आहे का?

चढलेलं असताना नवी आठवण नीट बसत नाही, यावर वाद नाही. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे सांधे वापरातून घट्ट होतात आणि आठवण त्यातूनच बनते. टीएचसी नेमकी ती क्रिया दाबतं. जुन्या आठवणी, म्हणजे शाळेचं नाव, घराचा पत्ता, शाबूत राहतात. सुटतं ते आत्ताचं. एका मुलाने सांगितलेली गोष्ट आहे. तो चहा ठेवायला उठला, गॅस पेटवला, साखर आणायला खोलीत आला आणि कॉटवर बसून राहिला. करपलेल्या भांड्याचा वास रूममेटला आला तेव्हा तो म्हणाला, 'चहा कुणी ठेवला?' त्या दिवशी सकाळपासून त्याने ओढलं नव्हतं.

प्रश्नातला खरा भाग तोच आहे, न ओढलेल्या वेळेत काय होतं. रोज ओढणाऱ्यांत शेवटच्या दमानंतर काही दिवस तरी नवे शब्द लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं, दोन कामं एकत्र सांभाळणं कमी पडतं. पण २०१८ मध्ये किशोर आणि तरुणांवरच्या ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हा परिणाम सरासरीने लहान निघाला, आणि ७२ तासांहून जास्त काळ बंद ठेवलेल्यांत तो आणखी कमी झालेला दिसला. म्हणजे बहुतेकांसाठी उत्तर 'कायमचं नाही' असं आहे. अपवाद प्रश्न ६ मध्ये आहे.

६. मुलगा अकरावीत आहे. मोठ्यांनी ओढणं आणि त्याने ओढणं यात एवढा काय फरक?

खूप फरक आहे, आणि या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

कपाळामागचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. किशोरवयात तिथले नको असलेले सांधे छाटले जातात आणि हवे असलेले मजबूत होतात. या छाटणीत शरीराच्या स्वतःच्या कॅनाबिनॉइड रसायनांचा, म्हणजे आनंदामाइड आणि त्याच्या भावंडांचा (प्रश्न २), हात असतो. त्याच वर्षांत बाहेरून रोज टीएचसी आलं तर घडण्याच्या कामातच ढवळाढवळ होते. तयार मेंदूवर परिणाम होणं आणि तयार होत असलेल्या मेंदूवर होणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट दिसतो. माणसांत तो दाखवणं अवघड आहे, पण दिशा तीच आहे. जितक्या लवकर सुरुवात, तितका व्यसनाचा धोका जास्त, आणि प्रश्न ८ मधला धोकाही जास्त.

'वयच आहे प्रयोग करायचं' असं म्हणणारे पालक पुण्यात कमी नाहीत. प्रयोग एकदा होतो. दहावीच्या सुट्टीत सुरू होऊन बारावीपर्यंत रोज चाललं असेल, तर त्याला प्रयोग म्हणू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

७. गांजाने बुद्ध्यंक आठ गुणांनी उतरतो, असं वाचलं. खरं आहे का?

हा आकडा न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातला आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. १३ व्या आणि ३८ व्या वर्षीच्या चाचण्या ताडून पाहिल्या तेव्हा, किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यंक सरासरी ८ गुणांनी घसरलेला दिसला. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत तशी घसरण नव्हती. हे २०१२ मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं.

नंतर जुळ्यांवरचे अभ्यास आले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या दोन मोठ्या गटांत, एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा भावंडांच्या जोड्या पाहिल्या गेल्या. ओढणाऱ्याची घसरण न ओढणाऱ्या जुळ्यापेक्षा वेगळी नव्हती. म्हणजे घसरणीचा निदान काही भाग घर, संगत, शाळेतून तुटणं, यांतून येत असावा. मात्र या जुळ्यांपैकी बहुतेकजण ड्युनेडिनच्या त्या गटाइतके भारी ओढणारे नव्हते आणि त्यांचं वयही कमी होतं. त्यामुळे एका अभ्यासाने दुसरा खोडला असं होत नाही. थोडंफार ओढणाऱ्याचा बुद्ध्यंक उतरतो याला चांगला पुरावा नाही. लहानपणी सुरू करून वीस वर्षं रोज ओढणाऱ्याबद्दल निश्चिंत राहावं असाही पुरावा नाही.

मेंदू आक्रसतो का, हा याच्याच जोडीने येणारा प्रश्न. खूप वर्षं, खूप ओढणाऱ्यांच्या एका छोट्या गटात हिप्पोकॅम्पस लहान आढळला होता. दारूचं प्रमाण जुळवून केलेल्या नंतरच्या एका मोठ्या तुलनेत रोज ओढणारे आणि न ओढणारे यांत फरक दिसला नाही. स्कॅनच्या चित्रांवरून भीती घालणारे व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी हे लक्षात असू द्या.

८. 'गांजाने वेड लागतं' ही जुनी समजूत आहे की त्यात तथ्य आहे?

तथ्य आहे, पण गावोगाव सांगितलं जातं तसं नाही. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हाच प्रश्न हिंदुस्थानभर तपासला होता. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा 'कारण : गांजा' ही नोंद कितीतरी वेळा नीट चौकशी न करताच भरलेली आढळली. मोजका वापर सहसा हानिकारक नाही आणि अतिरेकी वापर हानिकारक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतरचा पुरावा जास्त काटेकोर आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० च्या सुमारास लष्करी भरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पुढे १५ वर्षं माग काढला गेला. ज्यांनी भरतीच्या वेळी ५० हून जास्त वेळा गांजा-चरस ओढल्याचं सांगितलं होतं, त्यांना स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम आणि विस्कटलेले विचार असा दीर्घकाळचा मानसिक आजार) होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांहून आलेल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता सुमारे तिप्पट, आणि रोज कडक माल, म्हणजे १० टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला, ओढणाऱ्यांत सुमारे पाचपट दिसली.

आता हे आकडे नीट समजून घ्या. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून कमी लोकांना होतो. धोका तिप्पट झाला तरी रोज ओढणाऱ्या बहुसंख्यांना तो होणार नाही. आजाराकडे झुकणारी मुलं गांजाकडेही जास्त वळतात आणि काही जनुकं दोन्हींत सामाईक आहेत, त्यामुळे सगळा दोष गांजाच्या माथी मारता येत नाही. पण घरात आई, वडील, सख्खा भाऊ किंवा बहीण, मामा, काका यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर (मन अतिउत्साह आणि नैराश्य अशा दोन टोकांना जाण्याचा आजार) असेल, तर तुमचा हिशेब शेजारच्या मित्रापेक्षा वेगळा आहे. तो वर्षानुवर्षं ओढून ठणठणीत राहील, आणि तुम्ही सहा महिन्यांत येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत बसलेले असाल. आपल्याकडे 'काका जरा विक्षिप्त होते' एवढ्यावर हा इतिहास झाकला जातो. मुलांना तो स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांना त्याची गरज आहे.

एकदाच ओढून काही तास संशय आला, भास झाले, आणि सकाळी सगळं ठीक, असंही होतं. पण नशा उतरल्यावरही कुणीतरी पाळत ठेवतंय, मोबाइल हॅक झालाय, टीव्हीवर आपल्याबद्दल बोलतात, असं वाटणं दिवसेंदिवस राहिलं, तर वाट पाहू नका. डेन्मार्कमध्ये गांजामुळे सायकोसिस झाल्याची नोंद असलेल्यांचा माग काढला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं निदान झालं. 'गांजाने झालं, उतरेल' असं म्हणून घरी ठेवलेल्या मुलांचे सुरुवातीचे महिने वाया जातात. उपचाराचा सगळ्यात जास्त उपयोग त्याच महिन्यांत होतो.

९. गांजाचा नाद लागत नाही, हवा तेव्हा सोडता येतो, असं सगळे म्हणतात.

बहुतेकांना सोडता येतो, म्हणून ते तसं म्हणतात. एकदा तरी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के, आणि किशोरवयात सुरू करणाऱ्यांपैकी साधारण सहात एक, व्यसनापर्यंत पोचतो असा जुना आणि सर्वमान्य अंदाज आहे. रोज वापरणाऱ्यांत प्रमाण त्याहून बरंच जास्त असतं. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे ७२ लाख लोकांना गांजा, चरस, भांग यांच्या त्रासासाठी मदतीची गरज होती.

बंद केल्यावरचा त्रासही खरा आहे, आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निदानसूचीत त्याला स्वतंत्र जागा आहे. एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात जोरात असतो, दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. घरच्यांना जे दिसतं ते असं: वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवून उठणं, रात्री दोनला घामाने भिजलेला बनियन बदलणं, पहाटे इतकी खरी वाटणारी स्वप्नं की उठून दार बंद आहे ना ते बघणं. आई म्हणते, 'ओढत होता तेव्हा तरी शांत होता.' हा त्रास जीवघेणा नाही आणि तो संपतो, एवढं दोघांनाही आधीच माहीत असलं तर पुष्कळ निभावतं.

पुण्यात जॉइंट बहुधा सिगारेटची तंबाखू मिसळून भरतात. त्यामुळे अनेकांची तलफ निम्मी निकोटिनची असते. गांजा सोडून सिगारेट चालू ठेवली की तीच बोटं, तोच धूर, आणि परत तिथेच. दोन्ही एकत्र सोडणं अवघड वाटतं, पण डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. निकोटिनसाठी औषधं आहेत. गांजाच्या व्यसनासाठी मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. तिथे समुपदेशन हाच मुख्य उपचार.

१०. एमपीएससीची तयारी करतोय. ओढल्यावर अभ्यासिकेत सलग चार तास बसता येतं. मग वाईट काय?

बसता येतं हे आम्ही मान्य करतो. कंटाळा जाणवत नाही आणि पान रंजक वाटतं. पण लक्षात राहण्याचं यंत्र त्याच वेळी मंदावलेलं असतं (प्रश्न ५). सदाशिव पेठेतल्या मुलांना आम्ही एक साधी गोष्ट करायला सांगतो. ओढून वाचलेलं एक प्रकरण आणि न ओढता वाचलेलं एक प्रकरण, दोन दिवसांनी पुस्तक न उघडता कागदावर लिहून काढायचं. कागद स्वतःच पाहायचा, आम्हाला दाखवायची गरज नाही.

हुरूप कमी होण्याचाही भाग आहे. वर्षानुवर्षं भारी वापर करणाऱ्यांत डोपामिनचा, म्हणजे हुरूप देणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा, प्रतिसाद मंदावलेला काही स्कॅन-अभ्यासांत दिसला आहे. स्पर्धा परीक्षांच्या दोन-तीन अपयशांनंतर आलेलं नैराश्य आणि गांजाचा सुस्तपणा बाहेरून सारखेच दिसतात, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. नैराश्य असेल तर त्यावर उपचार हवेत. गांजा ते झाकतो, बरं करत नाही.

११. झोपेसाठी घेतो. गोळ्यांपेक्षा बरं ना?

सुरुवातीला झोप लवकर लागते. काही आठवड्यांत सवय होते आणि मग गांजाशिवाय लागत नाही. टीएचसी स्वप्नांची झोप दाबतं. म्हणूनच बंद केल्यावर ती उसळून येते आणि प्रश्न ९ मधली स्वप्नं पडतात. त्या आठवड्यातली वाईट झोप पाहून 'मला मुळातच निद्रानाश आहे' असा निष्कर्ष काढू नका. तीन-चार आठवडे जाऊ द्या, तरी झोप नसेल तर डॉक्टरांना भेटा.

१२. बंद केलं तर मेंदू पूर्ववत होतो का? किती दिवस लागतात?

प्रश्न ४ मधल्या त्याच अभ्यासात, चारेक आठवडे बंद ठेवल्यावर सीबी-१ मेंदूच्या बहुतेक भागांत पुन्हा नेहमीच्या पातळीला आले होते. नंतरच्या एका अभ्यासात ही भरपाई पहिल्या दोन दिवसांतच सुरू झालेली दिसली. अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या नियमित ओढणाऱ्यांना महिनाभर थांबायला सांगितलं, तेव्हा शिकण्याच्या चाचण्यांतली सुधारणा मुख्यतः पहिल्याच आठवड्यात झाली. ही आम्हाला सांगायला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, कारण 'आता माझा मेंदू गेलाच' असं म्हणून ओढत राहणारी मुलं आम्हाला भेटतात. गेलेला नाही.

किशोरवयापासून वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांत भरपाई पूर्ण होते असं मात्र म्हणता येत नाही. ड्युनेडिनच्या त्या गटात नंतर सोडूनही सगळं परत आलेलं दिसलं नाही.

१३. लघवीच्या तपासणीत महिनाभर दिसतो. म्हणजे मेंदूवर महिनाभर चढलेला असतो का? आणि गाडी कधी चालवावी?

नाही. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. तपासणीत दिसतं ते त्याचं निकामी झालेलं रूप. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते ३० दिवस किंवा जास्तही सापडतं, पण त्यावरून आज नशा आहे की नाही हे ठरत नाही.

उलटही खरं आहे. 'उतरलं' असं वाटतं तेव्हा गाडी चालवण्याची क्षमता परत आलेली असतेच असं नाही. वेळेचा आणि अंतराचा अंदाज उशिरा सुधारतो. ओढल्यावर निदान सहा तास, आणि खाल्ल्यास त्याहून बराच जास्त वेळ, दुचाकीला हात लावू नका. सिंहगडावर जाऊन ओढायचं आणि रात्री घाट उतरायचा, हे पुण्यात सर्रास चालतं आणि आम्हाला त्याची खरोखर भीती वाटते. सोबत दारू असेल तर अंदाज दोन्हीकडून बिघडतो.

१४. ब्राउनी खाल्ली, पाऊण तास काहीच झालं नाही, मग अजून एक खाल्ली. आता हातपाय गार पडलेत.

हा प्रश्न नेहमी असा अर्ध्यातच येतो. खाल्लेलं टीएचसी यकृतातून जातं. तिथे त्याचं आणखी एका नशा आणणाऱ्या रसायनात रूपांतर होतं आणि परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. तोवर दुसरी ब्राउनी पोटात गेलेली असते. होळीला भांगेच्या थंडाईचं हेच होतं.

शांत, कमी उजेडाच्या खोलीत कुणीतरी शेजारी बसा, पाणी द्या, 'हे उतरणार आहे' हे पुन्हा पुन्हा सांगा. सहा-आठ तास किंवा जास्त लागू शकतात. छातीत दुखत असेल, बेशुद्धी किंवा झटके असतील, आक्रमकपणा आवरत नसेल, किंवा लहान मुलाने चुकून खाल्लं असेल, तर लगेच १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते खरं सांगा. डॉक्टरांना उपचारासाठी ते कळायलाच हवं.

१५. साधू-बैरागी जन्मभर चिलीम ओढतात. त्यांचं काय बिघडलं? शिवाय हे नैसर्गिक आहे, औषधही आहे.

ज्यांचं बिघडलं ते आपल्याला मठात दिसत नाहीत. आणि पन्नाशीच्या बैराग्यावरून पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल काही ठरत नाही (प्रश्न ६).

औषधाचं म्हणाल तर कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हे याच झाडातलं नशा न आणणारं रसायन. अपस्माराच्या काही दुर्मीळ आणि कठीण प्रकारांसाठी त्याच्या शुद्ध औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आयुर्वेदातही पानांचा उपयोग आहे. दोन्हीकडे मोजलेली मात्रा असते आणि वैद्य किंवा डॉक्टर समोर असतो. टपरीमागून घेतलेल्या पुडीत यातलं काहीच नसतं.

१६. रोज ओढणाऱ्या बहिणीला सतत उलट्या होतात. पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. हे मेंदूशी संबंधित असेल?

असू शकतं. डॉक्टरांना गांजाबद्दल सांगितलं नसेल तर हे निदान सुटण्याचीच शक्यता जास्त. गांजा मळमळ थांबवतो हे खरं, पण वर्षानुवर्षं भारी वापर करणाऱ्या काहींत नेमकं उलट होतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. ओळखायची खूण विचित्र आहे. गरम पाण्याच्या अंघोळीने बरं वाटतं, म्हणून रुग्ण दिवसातून कितीतरी वेळा, तासन्‌तास, गीझरखाली उभा असतो. ती असं करत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. उलट्यांनी पाणी आणि क्षार कमी होऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. कायमचा उपाय गांजा बंद करणं हाच.

१७. मुलाच्या बॅगेत पुडी सापडली. पोलिसांचं लफडं होईल या भीतीने कुणालाच विचारता येत नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा, १९८५ चा. त्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं आणि बिया, म्हणजे भांग, त्या व्याख्येत नाहीत, पण त्यावर राज्याचे स्वतंत्र नियम लागतात. गांजाचं सेवन हाही गुन्हा आहे. मात्र याच कायद्याच्या ६४-अ कलमात, अल्प प्रमाणात सापडलेल्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. डॉक्टरकडे गेल्याने कुणी आत जात नाही.

बोलायचं ते तो शुद्धीत असताना. शक्यतो रात्री नको, नातेवाइकांसमोर तर नकोच. 'किती दिवस' यापेक्षा 'कशासाठी' हे आधी विचारा. येरवड्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे मोफत क्रमांक आहेत. मुलाला भरती करण्याची वेळ आलीच, तर केंद्राची मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का हे विचारा आणि तिथे राहून आलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणारी केंद्रं आहेत. तिथून परत आलेली मुलं आई-वडिलांशी बोलत नाहीत.

१८. दोन वर्षांपूर्वी सायकोसिस झाला होता, गोळ्या चालू आहेत, आता अगदी बरा आहे. होळीला एक ग्लास भांग चालेल का?

नाही चालणार. बाकी सगळ्या उत्तरांत आम्ही मात्रा, वय, कडकपणा असा हिशेब मांडला. इथे तो लागू होत नाही. एकदा सायकोसिस झालेल्यांनी पुन्हा गांजा किंवा भांग घेतली, तर आजार उलटण्याचं आणि पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गोळ्या चालू असणं म्हणजे कवच नव्हे. थंडाईतली भांग किती हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि प्रश्न १४ प्रमाणे ती उशिरा आणि लांबलचक चढते.

मित्रांना नाही म्हणणं अवघड जात असेल, तर 'गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी मनाई केली आहे' एवढंच सांगा. कोणत्या गोळ्या ते सांगायची गरज नाही. साधी थंडाई वेगळ्या भांड्यातून घ्या, शक्यतो घरी केलेली. आणि चुकून प्यायलीच गेली, तर स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नका की जास्त घेऊ नका. त्याच दिवशी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून सांगा, आणि पुढचा आठवडाभर झोपेवर घरातल्या एकाला लक्ष ठेवायला सांगा. आजार उलटताना बऱ्याचदा सगळ्यात आधी झोप जाते.